तांबोळी सिस्टरांचे दोन दिवस

तांबोळी सिस्टरांची आणि माझी ओळख हात धुण्यावरून झाली. पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या त्या वृद्धाश्रमात फिजिओथेरपिस्ट म्हणून माझा पहिला दिवस होता. एका आजोबांचे गुडघे वाकवून झाल्यावर मी सवयीनं खिशातली सॅनिटायझरची बाटली काढली, तळव्यावर दोन थेंब घेतले आणि पुढच्या कॉटकडे वळले. दारात एक बुटक्या, चष्मेवाल्या बाई उभ्या होत्या. पांढरा कोट, पायात कापडी बूट, केसांचा घट्ट अंबाडा.

"छान वास आहे," त्या म्हणाल्या. "आता ती बाटली खिशात ठेवा आणि माझ्याबरोबर या. आपण हात धुऊ."

बेसिनपाशी त्यांनी मला साबण दिला आणि स्वतःही हातांना फेस काढत एका सुरात म्हणायला लागल्या, "सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार, रविवार, सदाशिव, नारायण, नाना, भवानी, गंज, घोरपडे, रास्ता." मला वाटलं बाईंचं काहीतरी बिनसलंय. मग लक्षात आलं, या पुण्याच्या पेठा. एवढ्या पेठा शांतपणे म्हणून होईपर्यंत हात चोळायचे, हा त्यांचा नियम होता. बोटांच्या बेचक्यांत, अंगठ्याभोवती, नखांखाली.

"बहुतेक लोक बुधवारातच उतरतात," त्या म्हणाल्या. "मोठे डॉक्टर तर मंगळवारात."

बुधवार पेठेत त्यांच्या वडिलांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. चार पिढ्या पुण्यात गेलेल्या. लग्नानंतर त्या येरवड्याला राहायला गेल्या. पस्तीस वर्षं सरकारी इस्पितळात नोकरी करून हेड सिस्टर म्हणून निवृत्त झाल्या आणि महिनाभर घरी बसून कंटाळल्या म्हणून इथे आल्या. नाव शमीम, पण त्या नावानं हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. सगळ्यांच्या त्या सिस्टर.

त्यांची भाषा अशी की छापायला द्यावी. एकदा एका आजोबांची सून त्यांना कौतुकानं म्हणाली, "सिस्टर, तुमचं मराठी किती छान आहे हो!" सिस्टरांनी औषधाच्या ट्रेमधून मान वर न करता उत्तर दिलं, "तुमचंही बरं आहे." सून हसली. आपल्याला काय मिळालं ते तिला गाडीत बसल्यावर कळलं असेल.

पण हा तिरकसपणा नातेवाइकांसाठी आणि डॉक्टरांसाठी राखून ठेवलेला होता. कॉटवरच्या माणसाशी त्या कधी तसं बोलल्या नाहीत. आणि हाताखालच्या मावशींना शिकवताना त्यांचा आवाज इतका खाली यायचा की मावशी आपोआप जवळ सरकायच्या. एकदा त्या नव्या मावशींना सांगत होत्या, "एखादा ओकला की सगळे त्याच्याकडे धावतात. धावायलाच हवं. पण तुमच्यातल्या एकीनं फडक्याकडे बघायचं. त्यानं पुसलं काय आणि नंतर ते फडकं कुठे गेलं, हे जिला ठाऊक आहे तिनं अर्धी साथ थांबवली."

आश्रम दोन मजल्यांचा. खाली सतरा जण, वर अकरा. वरच्या मजल्यावर, पूर्वेच्या खिडकीशी जगताप आजींची कॉट होती. वय चौऱ्याऐंशी. या आजी इथल्याच, मांजरीच्या. त्यांचा ऊस जिथे उभा असायचा तिथे आता इमारती आहेत आणि खिडकीतून त्या दिसतात. आजी मला दर वेळी बोट करून दाखवायच्या, "त्यो तिसरा टावर हाय न्हवं, तितं माजी हीर हुती. लई गोड पानी." त्यांचा मुलगा आश्रमापासून पाच मिनिटांवर राहायचा, रविवारी येऊन बसायचा. माणूस चांगला होता. आईचं पाठीचं हाड मोडल्यावर दिवसा घरी करायला कुणी नव्हतं म्हणून इथे आणलेलं.

आजींना साखरेचा त्रास आणि गुळाचा नाद. उशीच्या अभ्र्यात गुळाचा खडा असायचा. तो सिस्टरांना माहीत होता, आणि त्यांना माहीत आहे हे आजींना माहीत होतं. सिस्टर रोज अभ्रा बदलायच्या अगोदर मोठ्यानं म्हणायच्या, "आजी, मी आता अभ्रा बदलणार आहे बरं का," आणि मग पाठ फिरवून खिडकीबाहेर बघत उभ्या राहायच्या. तेवढ्यात खडा हलवला जायचा. एकदा मी हसले तर सिस्टर मला जिन्यात म्हणाल्या, "तेवढ्याशा गुळानं काही होत नाही. लपवायला काहीतरी आहे म्हणून बाई सकाळी उठते."

जगताप आजी त्यांना 'तांबोळीण' म्हणायच्या. "ही तांबोळीण मला ल्हान पोरीवानी वागवती," असं माझ्याकडे गाऱ्हाणं करायच्या आणि सिस्टर सुट्टीवर असल्या की दुपारपर्यंत चार वेळा विचारायच्या, तांबोळीण कुठाय.

तो जानेवारी होता. संक्रांतीनंतरच्या रविवारी शहरातल्या एका महिला मंडळानं आश्रमात हळदीकुंकू ठेवलं. रविवार म्हणजे सिस्टरांची सुट्टी. मंडळाच्या बायका नटूनथटून आल्या, गाणी झाली, आजींना वाण म्हणून रुमाल मिळाले, तिळगूळ हातात हात घेऊन वाटला. एकीबरोबर चारेक वर्षांची मुलगी होती. ती जेवणघराच्या दारात ओकली. आई म्हणाली, गाडी लागली असेल, सकाळपासून जरा तसंच चाललंय. कुणीतरी बादली आणली, कुणीतरी फडकं मारलं. मुलीला कडेवर घेऊन आई परत कार्यक्रमात बसली. यात कुणाचं काय चुकलं असं त्या दिवशी कुणालाही वाटलं नसतं.

सोमवारी सकाळी मी नेहमीसारखी आले, खालच्या सात-आठ जणांना चालवलं, वर जाऊन चौघांचे व्यायाम घेतले. अकराच्या सुमाराला सिस्टर माझ्याकडे आल्या आणि मी कुणाकुणाला हात लावला ते त्यांनी विचारलं. मग रविवारची गोष्ट सांगितली. त्यांना ती झाडणाऱ्या मावशींकडून कळली होती. त्यांनी एकच प्रश्न विचारला होता: त्या फडक्यानं पुढे काय पुसलं? उत्तर होतं, सगळं जेवणघर.

"मुलीला खरंच गाडी लागलेली असू शकते," सिस्टर म्हणाल्या. "तसं असेल तर मी तीन दिवस वेडी ठरेन. मला चालेल."

त्यांनी जेवणघर बंद केलं. ताटं खोल्यांत गेली. ब्लीचचं पाणी करून दारांच्या कड्या, नळ, कठडे, कॉटच्या कडा, टीव्हीचा रिमोट, सगळं पुसून घेतलं. वरच्या आणि खालच्या मावशी वेगळ्या केल्या, फडकी वेगळी, बादल्या वेगळ्या. जिन्याच्या तोंडाशी प्लास्टिकची खुर्ची आडवी लावली. व्यवस्थापक सावंत यांना हे सगळं जरा अती वाटलं. त्यांनी तसं सांगितलंही, आणि भेटायला येणाऱ्यांना थांबवणं तर त्यांना अजिबात पटलं नाही. लोकांना काय सांगणार? एका पोरीला उलटी झाली म्हणून?

सोमवारी संध्याकाळी खालच्या मजल्यावर दोघांना उलट्या सुरू झाल्या. मंगळवारी दुपारपर्यंत सात जण झाले. मग सावंतांनी फाटकावर भेटी बंद असल्याची पाटी लावली.

ही साथ ज्यांनी पाहिली नाही त्यांना तिचा वेग सांगून कळणार नाही. माणूस बोलता बोलता ओकतो. सूचना नाही, मळमळ नाही, सरळ धार. मग जुलाब. धडधाकट माणूस दोन दिवसांत उठून कामाला लागतो. पण ऐंशीच्या पुढच्या माणसाच्या अंगात पाणीच किती असतं? सिस्टर चमच्या-चमच्यानं मीठ-साखरेचं पाणी पाजत होत्या, जिथे चमचा चालेना तिथे सलाईन लावत होत्या. डॉक्टर येऊन गेले, नमुना तपासायला पाठवला. नोरोव्हायरस हे नाव आम्हाला कागदावर दिसलं तोवर सगळं होऊन गेलं होतं. सिस्टरांना नाव नको होतं. तो काय करतो हे त्यांना पहिल्याच दिवशी ठाऊक होतं: वास येणाऱ्या बाटलीला तो भीत नाही, फरशीवर आणि कड्यांवर कित्येक दिवस टिकतो, आणि माणूस बरा झाल्यावरही त्याच्याबरोबर काही काळ फिरत राहतो.

म्हणून त्यांचा सगळ्यात कडक नियम दोन दिवसांचा होता. आजारी पडलेली मावशी, मामा, स्वयंपाकी, कुणीही असो, शेवटच्या उलटी-जुलाबानंतर पुरे दोन दिवस घरी राहायचं. बरं वाटलं तरी. "बरं वाटणं हे तुमच्यापुरतं असतं," असं त्या म्हणायच्या.

बुधवारी मावशी पडायला लागल्या. मला सिस्टरांनी येऊ नका म्हणून सांगितलं होतं, पण गुरुवारी त्यांचाच फोन आला. खाली भरवायला माणूस नाही, यायची तयारी आहे का? मी गेले. त्यांनी मला खालीच ठेवलं आणि जिन्याच्या खुर्चीकडे बोट दाखवलं. ती खुर्ची ओलांडायची नाही. वरचा मजला अजून स्वच्छ होता. अकरापैकी एकालाही काही नव्हतं. त्या दिवसांत सिस्टरांच्या चेहऱ्यावर समाधानासारखं काही मी पाहिलं असेल तर ते वरून "काही नाही सिस्टर, सगळे जेवले" असा आवाज यायचा तेव्हा.

शुक्रवारी सकाळी वरची एकुलती एक मावशी जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून ओकली. सिस्टरांनी तिला रिक्षात घालून घरी पाठवलं, जिना स्वतः धुतला. आणि मग आम्ही दोघी खाली उभ्या राहिलो. वर अकरा माणसं. त्यातली सहा आपल्या हातानं कूससुद्धा बदलू शकत नव्हती. सकाळचा चहा झालेला नव्हता, डायपर बदललेले नव्हते, चौघांची इन्सुलिनची इंजेक्शनं बाकी.

मी म्हटलं, मी जाते. सिस्टरांनी माझ्या ॲप्रनकडे बघितलं. सकाळपासून माझ्या अंगावर दोघं ओकले होते. त्यांचीही तीच गत. सावंतांनी दोन संस्थांना फोन केले. साथ म्हटल्यावर दोघांनीही माणसं नाहीत म्हणून सांगितलं. मग नातेवाइकांना फोन झाले. कुणी मुंबईला, कुणी परदेशात, कुणी ऑफिसात. जगताप आजींच्या मुलाला सिस्टरांनी स्वतः फोन केला. निदान आईपुरतं येऊन बघा म्हणाल्या. तो अडखळत म्हणाला, घरात दोन लहान मुलं आहेत, साथ आहे म्हणता, कसं करू? सिस्टर म्हणाल्या, बरोबर आहे तुमचं. आणि ते बरोबरच होतं.

दहा वाजले. वरून कुणीतरी हाका मारत होतं. तेवढ्यात छबूमावशींचा फोन आला. छबूमावशी मांजरी गावातल्या, वरच्या मजल्यावरच्या सगळ्यात हुशार आणि मायाळू; इंजेक्शन द्यायलाही सिस्टरांनी त्यांना शिकवलं होतं. बुधवारी आजारी पडून घरी गेल्या होत्या. सिस्टरांनी फोन स्पीकरवर ठेवला, कारण हातात मोजे होते.

"सिस्टर, मी येऊ का? तिकडं कुनीच न्हाई म्हनं."

"शेवटची उलटी कधी झाली, छबू?"

"काल दुपारच्याला. मग न्हाई. आता ब्येस हाय, राती भाकरबी पचली."

फोन टेबलावर होता, त्यातून छबूमावशींच्या घरातल्या कोंबड्या ऐकू येत होत्या. वरून परत हाक आली. सिस्टरांनी डोळे मिटले, उघडले.

"ये," त्या म्हणाल्या.

छबूमावशी आल्या तेव्हा सिस्टरांनी त्यांना साबणानं कोपरापर्यंत हात धुवायला लावले, नवे मोजे दिले, तोंडाला कापड बांधायला लावलं, वरचा संडास वापरायचा नाही म्हणून बजावलं. जे जे करता येतं ते केलं. अकरा माणसांना चहा मिळाला, इंजेक्शनं मिळाली, कोरड्या चादरी मिळाल्या. दुपारी वरून जगताप आजींचा भांडल्याचा आवाज आला तेव्हा सिस्टर मला म्हणाल्या, "ऐका. ठणठणीत आहे."

रविवारी वरच्या मजल्यावर तिघांना सुरू झालं. त्यात जगताप आजी होत्या.

सोमवारी दुपारी त्यांची लघवी थांबली. सिस्टरांनी अँब्युलन्स बोलावली आणि स्वतः बरोबर गेल्या, मलाही घेतलं. मोठ्या इस्पितळाच्या तातडीच्या विभागात त्यांनी प्रत्येकाला सांगितलं, हिला वेगळं ठेवा, ही साथ आहे, हात साबणानं धुवा. एक तरुण डॉक्टर मान हलवून गेला. दुसऱ्यानं विचारलं, तुम्ही कोण? वेगळी खोली नव्हती. आजींना सहा कॉटच्या वॉर्डात मधल्या कॉटवर ठेवलं. एक नर्स भिंतीवरच्या सॅनिटायझरचा एक फुसकारा हातावर घेऊन शेजारच्या कॉटकडे गेली. सिस्टर ते बघत होत्या. त्या जागेवरून उठल्या, दोन पावलं गेल्या आणि परत येऊन बसल्या. पस्तीस वर्षं ज्या बाईच्या नजरेनं वॉर्ड चालला तिला तिथे व्हिजिटरच्या स्टुलावर बसवलेलं होतं.

आजी शुद्धीत होत्या. ओठ वाळलेले. सिस्टरांचा हात धरून म्हणाल्या, "तांबोळीण, मला घरला ने." कुठलं घर ते सांगितलं नाही. सिस्टर म्हणाल्या, "नेते." मुलगा आला, पायाशी उभा राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी आजी गेल्या.

आश्रमाच्या फायलीत लिहिलं गेलं: वार्धक्य, मूत्रपिंड निकामी. खोटं काहीच नव्हतं. बाकी सगळे हळूहळू सावरले. सिस्टरांनी दोन पानी अहवाल लिहिला. मुलीच्या उलटीपासून सुरुवात, आणि छबूमावशींना अठरा तासांतच परत बोलावलं हे स्पष्ट, 'मी बोलावले' अशा शब्दांत. सावंतांनी तो वाचला, घडी घालून ड्रॉवरमध्ये ठेवला आणि म्हणाले, "सिस्टर, तुम्ही नसतात तर दहा गेले असते. कशाला हे?" डॉक्टर म्हणाले, वर कुणाकडूनही गेलं असेल. वरची ती दुसरी मावशी स्वतःच आजारी पडली होती की. सोमवारी मी वर गेले होते. रविवारी मंडळानं आणलेल्या फळांच्या टोपल्या वर गेल्या होत्या. सांगता येत नाही. ते खरंच सांगता येत नव्हतं, आणि सिस्टरांना तेच सोसत नव्हतं.

छबूमावशींनी त्यांना एकदा गाठून विचारलं. मी तिथेच पट्ट्या गुंडाळत होते. "सिस्टर, माज्यामुळं झालं का वो आजींचं?"

"नाही," सिस्टर म्हणाल्या. "बोलावलं मी होतं."

छबूमावशी रडायला लागल्या. त्या 'नाही'चा अर्थ त्यांना समजला होता.

तेराव्यानंतर सिस्टर मला म्हणाल्या, गौरी, मला जगतापांकडे जायचंय, तुझ्या स्कूटरवर नेशील का? त्यांनी मला पहिल्यांदाच अगं-तुगं केलं. संध्याकाळची वेळ होती. मुलानं आम्हाला बसवलं. सिस्टरांनी पाणीसुद्धा घेतलं नाही, सरळ सांगायला सुरुवात केली. दोन दिवसांचा नियम काय होता, का होता, तो त्यांनी कसा मोडला.

मुलगा मध्येच म्हणाला, "सिस्टर, नका असं बोलू."

"ऐकून तर घ्या."

"मग मी पण सांगतो," तो म्हणाला. "तुम्ही त्या दिवशी फोन केला. पाच मिनिटांवर घर हाय माझं. मी आलो नाही. मी आलो असतो तर तुम्हाला त्या बाईला बोलवायला लागलं नसतं. आता बोला."

आतल्या खोलीत मुलं टीव्ही बघत होती. थोड्या वेळानं त्याची बायको चहा घेऊन आली. सिस्टरांनी कप घेतला, पूर्ण प्यायल्या, आणि आम्ही निघालो. स्कूटरवर मागून त्या म्हणाल्या, "मला कुणीतरी रागवायला हवं होतं गं. त्या बिचाऱ्याकडे तेवढीही ताकद नाही."

फेब्रुवारीत महिला मंडळाला आश्रमात आजार झाल्याचं कळलं. बायकांना फार वाईट वाटलं. त्यांनी प्रत्येक खोलीच्या दाराशी लावायला सॅनिटायझरची यंत्रं भेट दिली. सावंतांनी छोटा कार्यक्रम केला. सिस्टर टाळ्या वाजवून आल्या. त्यांनी एखादं तिरकस वाक्य टाकावं म्हणून मी वाट बघत होते. टाकलं नाही.

त्याच महिन्यात एका मावशीला ताप आला. साधा सर्दीचा असावा. दुसरी रजेवर होती. तापातल्या मावशीनं फोन करून विचारलं, येऊ का? सिस्टर फोन कानाला लावून उभ्या राहिल्या. हो नाही, नको नाही. पलीकडून मावशी "हॅलो, हॅलो" करत होती. शेवटी मी फोन घेतला आणि तिला घरी थांबायला सांगितलं. त्या दिवशी त्यांनी राजीनामा लिहिला. मी खूप समजावलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "परत तशी सकाळ आली तर मी परत 'ये' म्हणेन. आणि नाही म्हटलं तर वर लोक भुकेले राहतील. मला तिसरं काही सुचत नाही. ज्याला सुचतं त्यानं इथे बसावं."

शेवटच्या दिवशी त्या साडी नेसून आल्या होत्या, फिकट निळी. निरोपसमारंभ नको म्हणून सांगितलं होतं. खालच्या खोल्यांतून फिरून त्या वर आल्या. पूर्वेच्या खिडकीजवळच्या कॉटवर त्याच सकाळी एक नव्या बाई दाखल झाल्या होत्या. भाऊ सोडून गेला होता. बाई पाय जमिनीवर टेकवून कॉटच्या कडेला बसल्या होत्या, बॅग अजून मांडीवर. सिस्टर जवळ गेल्या तशी त्यांनी सिस्टरांचा पदर धरला.

"तुम्ही असता ना इथे रोज?" त्यांनी विचारलं.

सिस्टरांनी माझ्याकडे बघितलं. मग त्या बाईंच्या मांडीवरची बॅग काढून खाली ठेवली, त्यांना आडवं केलं, पांघरूण घातलं आणि शेजारी खुर्ची ओढून बसल्या.

मला खाली दोघांचे व्यायाम घ्यायचे होते. दीड वाजता परत वर गेले तेव्हा बाई झोपल्या होत्या. सिस्टर तशाच बसून होत्या, पर्स मांडीवर, चपला पायात, निघायच्या तयारीत. पदराचं टोक झोपलेल्या बाईंच्या मुठीत होतं. ते सोडवून घ्यायला त्यांनी हात पुढे केला नव्हता.